ठिणगीची वेळ

वैशाखांत ठाणें जिल्ह्याच्या शहापूर किंवा मुरबाड तालुक्यांतून जाणाऱ्या प्रवाशास भाताच्या खाचरांच्या कडेला काळे चौकोन दिसतात. ते राब होत. शेण, झाडांचें कवळ, पालापाचोळा, गवत आणि वर मातीचा पातळ थर असें एकावर एक रचून भाजावयाचें, व पावसाला आरंभ झाला म्हणजे त्या भाजलेल्या जागेंत भाताचें बीं पेरावयाचें, ही तिकडील पिढीजात रीत आहे. राबाला आग लावण्याची वेळ जाणता शेतकरी फार जपून निवडतो. फार आधीं भाजला तर राख वाऱ्यावर उडून जाते. फार उशीर झाला आणि वळवाची सर येऊन गेली, तर भिजलेलें कवळ नुसतें धुमसतें, पेटत नाहीं. कवळ तेंच, आग तीच आणि श्रमही तेच. परंतु वेळ चुकली कीं सारें व्यर्थ होतें.

ह्याच दोन तालुक्यांच्या रस्त्यांवरून दुसरी एक आग पुष्कळ वर्षें धांवत आली आहे. ती डोळ्यांना दिसत नाहीं, पण तिलाही वेळेचें असेंच कडक बंधन आहे. ही आग जुन्या फटफटीच्या पोटांतली होय. आज शहरांत मोटारसायकल हा शब्द रूढ आहे. तथापि गाडीच्या आवाजावरून मराठी माणसानें तिला दिलेलें नांव फटफटी हेंच. १९५५ सालीं मद्रास येथें एन्फील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली आणि मूळची इंग्लंडांतील बुलेट गाडी इकडे बांधली जाऊं लागली. त्यानंतर कांहीं वर्षांनीं म्हैसूरच्या कारखान्यांतून जावा निघूं लागली. तिचेंच नांव १९७३ पासून येझ्दी झालें. तिसरी राजदूत. ह्या गाड्यांनीं खेड्यापाड्यांतून दुधाच्या किटल्या वाहिल्या, शिक्षकांना शाळेंत व डॉक्टरांना रोग्यांच्या दारांत पोंचविलें, आणि भर पावसांत कसाऱ्याचा व माळशेजचा घाट चढून दाखविला.

अशा गाडीची ठिणगी वेळेवर पाडावी कशी आणि ती वेळ राखावी कशी, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय समजण्यास सुलभ व्हावा म्हणून एक घर डोळ्यांसमोर आणूं.

मुरबाडच्या बाजूला सरळगांवच्या वाटेवर एका कुटुंबाचें जुनें घर आहे. आजोबा वारले, मुलगे कल्याणांत स्थायिक झाले. पडवींत आजोबांची बुलेट गोणपाटाखालीं उभी आहे. नातू इंजिनियरिंग शिकलेला, हौशी. त्यानें गाडी बाहेर काढली, धुतली, नवें पेट्रोल भरलें आणि किक मारली. गाडी सुरू झाली नाहीं. त्यानें जोर वाढविला. चौथ्या कीं पांचव्या खेपेस किकचा दांडा अशा त्वेषानें उलटा आला कीं मुलाचा घोटा सुजला व तो आठ दिवस अंथरुणावर पडला. घरांतील वडील मंडळींनीं साहजिकच गाडी भंगारांत देण्याचें ठरविलें. भंगारवाल्याशीं भावही ठरला.

तत्पूर्वीं अवजारांची पेटी रिकामी करतांना नातवास झांकणाच्या आंतल्या बाजूस खिळ्यानें कोरलेले दोन आंकडे दिसले. एक १५, आणि त्याखालीं १/३२. कोणी म्हणालें, उसनवारीचा हिशोब असेल. कोणी म्हणालें, जमिनीचा हिस्सा असेल. ते आंकडे कशाचे होते, तें ह्या भाषणाच्या ओघांत कळेल.

प्रथम ठिणगीचें कार्य पाहूं. बुलेटसारख्या गाडीच्या इंजिनांत दट्ट्या खालीं जातांना पेट्रोलची वाफ व हवा आंत ओढून घेतो. वर येतांना तें मिश्रण दाबतो. दाबलेलें मिश्रण पेटलें म्हणजे त्याच्या प्रसरणानें दट्ट्या जोरानें खालीं लोटला जातो, व पुन्हां वर येतांना जळलेला वायू बाहेर घालवितो. ह्या चार खेपांपैकीं एकच काय ती कामाची. बाकीच्या तीन तिची तयारी व आवराआवर. त्या एका खेपेसाठीं ठिणगी पडावयाची.

आतां कोणासही वाटेल कीं दट्ट्या अगदीं वरच्या टोंकाशीं पोंचला कीं त्याच क्षणीं ठिणगी पडावी. तसें केल्यास मात्र उशीर होतो. कारण पेट्रोलची वाफ बंदुकीच्या दारूसारखी एकदम उडत नाहीं. ज्योत प्लगपाशीं लागते व तेथून पसरत जाते. पसरण्यास सेकंदाचा अगदीं अल्प अंश लागतो खरा, परंतु तेवढ्यांत दट्ट्या बराच खालीं गेलेला असतो. झोपाळ्यावरील मुलाला झोका देणाराच्या हें चांगलें ध्यानांत येईल. झोपाळा मागच्या टोंकाला येऊन परत फिरूं लागतो, त्या वेळीं हात लागला तर थोड्या जोरानें मोठा झोका मिळतो. झोपाळा अजून मागें येत असतांनाच ढकलूं गेलें तर आपलेंच मनगट दुखावतें. आणि तो दूर गेल्यावर ढकललें तर हात हवेंतच जातो. ज्वलनाचा मुख्य दाब दट्ट्या परत फिरल्यावर लगेच मिळावा, म्हणून ठिणगी थोडी आधीं पाडावी लागते.

ही 'थोडी आधीं' किती? बुलेट ३५० ह्या जुन्या गाडीच्या दट्ट्याची धांव ९० मिलिमीटर आहे. इंजिन थांबलेलें असतां, दट्ट्या वरच्या टोंकाच्या ०.८ मिलिमीटर अलीकडे असेल त्या ठिकाणीं ठिणगी पडावी, असें तिचें ठरलेलें माप आहे. भाताच्या दाण्याच्या जाडीहूनही हें अंतर कमी. दांड्याच्या फिरण्यांत मोजलें तर तें सुमारें दहा अंश भरतें. गाडी वेगांत असली म्हणजे ज्योत पसरण्यास लागणारा वेळ फारसा बदलत नाहीं, पण दट्ट्या मात्र झपाट्यानें धांवतो. म्हणून वेगाबरोबर ठिणगी अधिकाधिक आधीं पडली पाहिजे. त्यासाठीं आंत दोन लहान वजनें स्प्रिंगांनीं बांधलेलीं असतात. गोफण फिरविली कीं दगड बाहेर ओढ घेतो, त्याच न्यायानें वेग वाढला कीं हीं वजनें बाहेर झेपावतात आणि ठिणगीची वेळ आपोआप पुढें ओढतात. वेग उतरला कीं स्प्रिंगा त्यांस पूर्वस्थळीं आणतात.

ठिणगी निर्माण कशी होते, हेंही थोडक्यांत सांगितलें पाहिजे. बॅटरी सहा किंवा बारा व्होल्टची. एवढ्या दाबानें प्लगच्या अर्ध्या मिलिमीटरच्या फटींतून ठिणगी उडणें शक्य नाहीं. त्यासाठीं हजारों व्होल्टचा दाब लागतो. तो मिळविण्याची युक्ति मायकेल फॅरडे ह्या शास्त्रज्ञानें १८३१ सालीं लाविलेल्या शोधावर आधारलेली आहे. कॉइल नांवाच्या डब्यांत लोखंडी गाभ्याभोंवतीं तांब्याच्या तारेचे दोन वेढे असतात. एक जाड तारेचा, थोड्या फेऱ्यांचा, व दुसरा बारीक तारेचा, पुष्कळ फेऱ्यांचा. जाड वेढ्यांतून बॅटरीचा प्रवाह वाहत असतो. तो एकाएकीं तोडला म्हणजे गाभ्यांतील चुंबकत्व क्षणांत नाहींसें होतें, आणि त्या धक्क्यानें बारीक वेढ्यांत प्रचंड दाब उत्पन्न होऊन प्लगमध्यें ठिणगी पडते. ही पद्धत अमेरिकेंतील चार्ल्स केटरिंग ह्यानें मोटारींसाठीं सिद्ध केली व १९१० च्या सुमारास ती कॅडिलॅक गाड्यांत बसविली गेली. पुढें सुमारें साठ वर्षें जगांतील बहुतेक मोटारी ह्याच पद्धतीवर चालल्या.

ह्या सर्व खटाटोपांत प्रवाह तोडणारें जें लहानसें द्वार, त्यासच आपल्याकडील मिस्त्री सीबी पॉइंट म्हणतात. टंगस्टन धातूच्या दोन चकत्या समोरासमोर असतात. एक स्थिर, दुसरी एका लहान हातावर हलणारी. हाताला चिवट पदार्थाची टांच असते व ती एका फिरत्या कॅमवर टेकलेली असते. कॅमचा उंचवटा आला कीं टांच उचलली जाते, चकत्या अलग होतात आणि त्याच क्षणीं ठिणगी पडते. शेजारीं कंडेन्सर नांवाची एक नळी असते. चकत्या अलग होतांना प्रवाह त्या फटींतूनच उडी घेऊं पाहतो. कंडेन्सर त्यास पोटांत घेतो व चकत्या जळण्यापासून वांचवितो.

श्रोतेहो, ह्या चकत्यांच्या वांट्याला येणारे श्रम मोजून पाहण्यासारखे आहेत. इंजिनाचे मिनिटाला ३००० फेरे होत असतील तर बुलेटची ठिणगी मिनिटाला १५०० वेळां पडते, म्हणजे सेकंदाला २५ वेळां. शहापूरहून किन्हवलीवरून मुरबाडकडे निघालेला माणूस तासभर गाडीवर असेल, तर तेवढ्या प्रवासांत त्या दोन चकत्या ९०,००० वेळां उघडमीट करतात. प्रत्येक वेळीं टांच कॅमवर घांसते, प्रत्येक वेळीं चकतीचा अतिसूक्ष्म कण जळतो. मग वेळ जशीच्या तशी राहील कशी?

येथेंच ह्या विषयाचें मर्म आहे. टांच झिजली म्हणजे ती कॅमवर उशिरा उचलली जाते. चकत्यांमधील फट लहान होते आणि ठिणगीही उशिरा पडूं लागते. उलट फट मोठी केली तर चकत्या लौकर उघडतात व ठिणगी आधीं पडते. म्हणजे फट आणि वेळ ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी नाहींत. एक हलविली कीं दुसरी हललीच. म्हणून पहिला नियम असा कीं आधीं फट बसवावी आणि मग वेळ बसवावी. हा क्रम उलटा केला किंवा ह्यांतील एकच काम करून दुसरें सोडून दिलें, तर सारे श्रम पाण्यांत जातात.

वरील घरांतील गाडीचें नेमकें हेंच झालें होतें. आजोबांच्या अखेरच्या वर्षांत टांच झिजून फट बारीक झाली, गाडी मंद झाली. कोणा उतावळ्यानें फटीकडे न पाहतां डिस्ट्रिब्यूटरची डबी फिरवून ठिणगी पुढें आणली. तेवढ्यापुरतें बरें वाटलें. पुढें नातवानें नवे पॉइंट आणले व शहरांतील कोणाकडून ते योग्य फटीनें बसवून घेतले. पण डबी होती तेथेंच राहिली. आधींच पुढें ओढलेली वेळ मोठ्या फटीमुळें आणखी पुढें गेली. दट्ट्या वर येण्याच्या कितीतरी आधीं मिश्रण पेटलें, त्यानें दट्ट्यास उलटें खालीं ढकललें आणि तो सारा जोर मुलाच्या घोट्यावर आला. दोन माणसांनीं दोन निम्मीं कामें केलीं आणि शिक्षा तिसऱ्यानें भोगली.

शेवटीं कोणी तरी गांवांतील एका वृद्ध मिस्त्रीस बोलाविलें. त्यानें गाडीस हात लावण्यापूर्वीं मुलाचा पाय पाहिला आणि म्हणाला, "भाऊ, जोर नका लावूं. ठिणगी घाईंत आहे हिची." नंतर त्यानें पेटीच्या झांकणावरील आंकडे पाहिले व हंसला. "आजोबांनीं सगळें लिहून ठेवलंय कीं! पंधरा म्हणजे पॉइंटची फट, इंचाच्या हजारांश भागांत. आणि खालचा इंचाचा बत्तिसावा भाग म्हणजे टायमिंग." पंधरा हजारांश इंच म्हणजे ०.३८ मिलिमीटर, इंचाचा बत्तिसावा भाग म्हणजे ०.८ मिलिमीटर. ज्या दोन आंकड्यांवर गाडीचें सारें जीवित अवलंबून, ते आजोबांनीं क्रमानें एकाखालीं एक कोरून ठेविले होते. आधीं फट, मग वेळ.

आतां प्रत्यक्ष कृति. इंजिन थंड असावें. गाडी मधल्या स्टँडवर उभी करून प्लग काढून घ्यावा, म्हणजे इंजिन हातानें सहज फिरतें. गाडी वरच्या गिअरमध्यें टाकली कीं मागचें चाक पुढें फिरवून दट्ट्या हवा तेथें आणतां येतो. डबीचें झांकण काढून प्रथम चकत्यांकडे नीट पहावें. त्यांचा रंग फिकट राखी असेल व पृष्ठभाग सपाट असेल तर उत्तम. एकीवर खड्डा व दुसरीवर टेकाड आलें असेल तर बारीक कानशीनें अलगद सपाट करावें. फार खड्डे असतील तर नवे पॉइंट बसवावे आणि कंडेन्सरही संशयित समजावा. पॉलिश कागद वापरूं नये. त्याची वाळू चकत्यांत रुतून बसते. शेवटीं पेट्रोलनें किंचित् ओला केलेला जाड कागद चकत्यांमधून ओढून त्या पुसून घ्याव्या. बोटांचें तेल त्यांस लागूं देऊं नये.

मग चाक हळूहळू फिरवून टांच कॅमच्या सर्वांत उंच भागावर आणावी. ह्या ठिकाणीं फट सर्वांत मोठी असते. बुलेटला ती ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असावी. योग्य जाडीची फीलर पट्टी फटींत घालावी. ती किंचित् घांसून सरकली पाहिजे; सैल फिरली तर फट मोठी, अडकली तर लहान. स्थिर चकतीचा स्क्रू ढिला करून ती सरकवावी व स्क्रू आंवळावा. आंवळल्यानंतर पुन्हां मोजणें अवश्य आहे, कारण आंवळतांना चकती केसभर सरकतेच. पुष्कळांचें काम ह्या शेवटच्या मोजणीच्या आळसानें बिघडतें. फट फार मोठी ठेवूं नये. चकत्या मिटलेल्या राहण्याचा काळ कमी झाला म्हणजे कॉइलमध्यें चुंबकत्व पुरतें भरत नाहीं व वेगांत ठिणगी दुबळी पडते.

फट झाली, आतां वेळ. प्लगच्या भोंकावर अंगठा ठेवून चाक पुढें फिरवावें. आंतील हवा अंगठ्यास जोरानें ढकलूं लागली म्हणजे दट्ट्या दाबाच्या खेपेंत वर येत आहे असें समजावें. मग सायकलच्या चाकाची एक तार, तिचें टोंक घांसून बोथट करून, भोंकांतून आंत सोडावी. बुलेटच्या प्लगचें भोंक तिरपें असतें. म्हणून तार शक्य तितकी उभी धरावी आणि चाक फिरवितांना जबरदस्ती करूं नये, नाहीं तर तार अडकून वांकते. चाक पुढेंमागें झुलविलें कीं तार वर चढते, क्षणभर थबकते व उतरूं लागते. जेथें थबकते तें वरचें टोंक. तारेवर तेथें खूण करावी आणि तिच्यापासून ०.८ मिलिमीटरवर दुसरी खूण करावी. चाक बरेंच मागें घेऊन मग पुढें आणीत दुसऱ्या खुणेवर थांबावें. मागें घेऊन पुढें आणण्याचें कारण असें कीं दांतेरी चाकांमध्यें थोडी ढिलाई असते. गाडी चालते त्याच दिशेनें ती ढिलाई निघून गेली पाहिजे.

ह्या ठिकाणीं चकत्या नेमक्या उघडूं लागल्या पाहिजेत. मोजपट्टीला न कळणारा हा क्षण ओळखण्याच्या तीन रीती आहेत. पहिली फार जुनी. सिगारेटचा अगदीं पातळ कागद चकत्यांमध्यें धरावयाचा व हलकेच ओढीत रहावयाचें. चकत्या सुटतांच तो अलगद बाहेर येतो. दुसरी रीत दिव्याची. लहान बल्बची एक तार पॉइंटच्या जोडणीस व दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूस लावावी आणि किल्ली फिरवावी. चकत्या मिटलेल्या असतील तोंवर बल्ब विझलेला राहतो; उघडतांच पेटतो. तिसरी रीत बुलेटच्या कपाळावरच असते, पण तिच्याकडे फार थोड्यांचें लक्ष जातें. दिवे बंद असतां किल्ली फिरविली आणि चकत्या मिटलेल्या असल्या, तर अ‍ॅमीटरचा कांटा मध्यावरून खर्चाच्या बाजूस झुकतो; चकत्या उघडल्या कीं तो मध्यावर परत येतो. खेड्यांतील मिस्त्री ह्या कांट्याकडे पाहूनच अर्धें निदान करतात.

चकत्या खुणेच्या आधीं किंवा नंतर उघडत असतील तर डिस्ट्रिब्यूटरच्या डबीचा पट्टा ढिला करून ती किंचित् फिरवावी. कॅम ज्या दिशेनें फिरतो तिच्या उलट डबी फिरविली तर ठिणगी आधीं पडते, त्याच दिशेनें फिरविली तर उशिरा. येथेंही पट्टा आंवळून पुन्हां एकदां पहावें. ही सारी कृति त्या मिस्त्रीनें पडवींत, एक पाना, एक तार आणि एक बल्ब एवढ्यावर अर्ध्या तासांत केली. त्याचे डोळे अधू झाले होते, म्हणून फीलर पट्टी नातवाच्या हातीं दिली व स्वतः नुसतें ऐकत बसला. "काका, ही सरकते," असें नातवानें म्हणावें आणि त्यानें "घांसून कीं मोकळी?" असें विचारावें. 'घांसून' आणि 'मोकळी' ह्यांतील फरक ज्यास बोटांनीं कळला, त्यास निम्मी विद्या आली.

काम बरोबर झालें कीं नाहीं ह्याची शेवटची परीक्षा चढावर होते. ठिणगी फार आधीं पडत असेल तर किक उलट येते, आणि चढावर भार पडतांच इंजिनांतून खड्यांनीं भरलेला डबा हलविल्यासारखा बारीक खणखणाट ऐकूं येतो. ह्याकडे दुर्लक्ष करून माळशेजसारखा घाट चढविला तर दट्ट्याचें डोकें भाजून त्यास भोंक पडण्यापर्यंत मजल जाते. ठिणगी फार उशिरा पडत असेल तर किक सुखानें लागते, खणखणाटही नसतो. पण गाडी ओढत नाहीं, पेट्रोल अधिक पितें, आणि जळणारा वायू बाहेर जातांना धुराची नळी तापवून निळी करतो. पहिला दोष ओरडून सांगतो, दुसरा मुकाट्यानें खिसा कापतो. झीज नेहमीं ह्या दुसऱ्या दोषाकडेच नेते, म्हणून तो अधिक जपण्यासारखा. घसरण इतकी सावकाश होते कीं रोज बसणाराला ती जाणवतच नाहीं. 'गाडी आतां म्हातारी झाली' असें म्हणून तो स्वस्थ राहतो.

दोन ठोक्यांच्या येझ्दी किंवा राजदूत गाड्यांत दट्ट्याच्या प्रत्येक वरच्या फेरीस ठिणगी पडते, आणि मापेंही निराळीं असतात. तीं त्या त्या गाडीच्या पुस्तकांतून घ्यावीं. बुलेटचें माप तेथें लावूं नये. परंतु आधीं फट व मग वेळ हा क्रम सर्वांस सारखाच लागू आहे.

आतां निगेविषयीं. दर दोनतीन हजार किलोमीटरांनीं फट पहावी. नवे पॉइंट बसविले असतील तर पहिल्या कांहीं शें किलोमीटरांतच एकदां पहावी, कारण नवी टांच आरंभीं लौकर बसते. कॅमवर ग्रीजचा अगदीं पातळ हात द्यावा. कोरडा कॅम टांच खातो आणि अधिक ग्रीज उडून चकत्यांवर बसतें. वजनांच्या खिळींस तेलाचा एखादा थेंब द्यावा, म्हणजे तीं अडकून बसत नाहींत. किल्ली उघडी ठेवून गाडी उभी करूं नये. चकत्या मिटलेल्या असल्या तर कॉइल तापते व बॅटरी रिकामी होते. पावसाळ्यापूर्वीं डबीच्या झांकणाची बैठक तपासावी. शहापूर-मुरबाडकडे जूनपासून चार महिने हवा ओलावलेली असते. डबींत दंव धरलें कीं चकत्यांवर पांढुरकी कीट चढते आणि सकाळीं गाडी अडते. अशा वेळीं किकवर किक मारण्यापेक्षां झांकण काढून कोरडा कागद एकदां फिरवावा. पेटींत एक जुना, पण चालणारा पॉइंटचा जोड व एक कंडेन्सर असावा. घाटांत रात्रीं त्यांचें मोल कळतें.

कोणी म्हणेल, आज ह्या विद्येचा उपयोग काय? गेल्या कांहीं दशकांत पॉइंट जाऊन इलेक्ट्रॉनिक ठिणगी आली. १ एप्रिल २०२० पासून नवीन गाड्यांना धुराचे अधिक कडक नियम लागू झाले आणि ठिणगीचा व पेट्रोलचा सारा हिशोब गाडींतील लहानसा संगणक करूं लागला. तो झिजत नाहीं, विसरत नाहीं आणि वेळ चुकवीत नाहीं. हें सर्व खरें आहे, आणि त्याबद्दल खंत करण्याचें कारण नाहीं. दुसरीकडे २०२१ सालीं केंद्र सरकारनें पन्नास वर्षांहून अधिक जुन्या व मूळ रूपांत राखलेल्या वाहनांच्या निराळ्या नोंदणीचे नियम केले. म्हणजे जुनें यंत्र जपण्यासारखें आहे हें आतां कायद्यासही मान्य झालें. परंतु यंत्र जपलें आणि तें लावणारा हात हरपला, तर उरेल तें नुसतें लोखंड. नवें यंत्र बिघडलें तर मालकास कांहीं कळत नाहीं. जुनें यंत्र मालकाकडून थोडें ज्ञान व थोडें लक्ष मागतें, आणि तेवढ्या बदल्यांत मुरबाडच्या पडवींतही एक तार व एक बल्ब ह्यांवर बरें होतें. दुकानापासून दूर राहणाऱ्या दूधवाल्यास व शेतकऱ्यास ह्या गाड्या इतकीं वर्षें परवडल्या, त्याचें एक कारण हेंच होय.

आणि घरांत राहणाऱ्या माणसांसही ह्यांत घेण्यासारखें कांहीं आहे. गाडी सुरू होत नाहीं असें पाहून मुलानें जोर वाढविला. वडिलांनीं गाडी विकण्याचें ठरविलें. दोघांपैकीं कोणीही 'वेळ चुकली आहे काय?' असें विचारलें नाहीं. बिघाड पुष्कळदां बळाच्या उणीवेचा नसतो, क्षणाच्या चुकीचा असतो. आणि क्षण चुकतो तो एकाएकीं नव्हे, रोज केसभर.

भंगारवाला ठरल्या दिवशीं आला. त्या सकाळीं नातवानें अ‍ॅमीटरचा कांटा पाहत दट्ट्या जागेवर आणला, बरा झालेला पाय किकवर ठेवला आणि शरीराचा भार सोडला. गाडी दुसऱ्या किकेस सुरू झाली. मिस्त्री ओट्यावर बसून डोळे मिटून ऐकत होता. "आतां हिला चढावर न्या," तो म्हणाला, "आणि हजार किलोमीटर झाले कीं झांकण उघडून बघा. माझी वाट पाहूं नका." भंगारवाला चहा पिऊन रिकाम्या हातीं परत गेला. पेटीच्या झांकणावर आजोबांच्या दोन आंकड्यांखालीं नातवानें त्याच खिळ्यानें त्या दिवसाची तारीख व गाडीच्या मीटरचा आंकडा कोरला, आणि हजार मिळवून येणारा आंकडा त्याच्या खालीं कोरून ठेवला.